अग्रमान आणि अग्रक्रम

ज्या वस्तूचा सुकाळ असतो तिच्या वाटपात न्यायाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आंबा उदंड आलेल्या वर्षी शेजाऱ्याकडे किती फळे गेली हे कोणी मोजीत बसत नाही. टंचाई आली म्हणजे मात्र आजवर आपण कोणत्या नियमाने वाटप करीत होतो हे उघडे पडते. आणि पुष्कळदा असेही आढळून येते की नियम असा नव्हताच, केवळ वहिवाट होती. करोनाच्या साथीत, २०२१ सालच्या पूर्वार्धात, लसीच्या टंचाईने आपणा सर्वांस या अनुभवातून नेले. ते दिवस आता मागे पडले आहेत. भीती ओसरली आहे, आणि म्हणूनच त्या वेळी घाईगर्दीत उरकला गेलेला एक प्रश्न शांतपणे तपासून पाहण्यास ही वेळ बरी आहे. जीव वाचविणारी वस्तू थोडी आणि तिच्यासाठी पुढे झालेले हात पुष्कळ, अशा प्रसंगी ती आधी कोणाच्या हाती द्यावी?

औषध आणि लस यांतील एक भेद आरंभीच ध्यानी घेतला पाहिजे. औषध रोग्यास द्यावयाचे असते. रोगी समोर विव्हळत असतो. त्याची मागणी त्याच्या देहावरच लिहिलेली असते आणि ती वाचावयास फारशा विद्वत्तेची गरज लागत नाही. लस टोचावयाची ती निरोगी माणसास. रांगेत उभे असलेले शंभरही जण धडधाकट. त्यांपैकी उद्या रोग कोणास गाठणार, कोण त्यातून उठणार आणि कोण नाही, हे कोणाच्याही कपाळावर वाचता येत नाही. त्यामुळे दयाबुद्धी येथे आपणास फार दूर नेऊ शकत नाही, कारण दयेला डोळ्यांसमोर दिसणारे दुःख लागते. अजून न घडलेल्या दुःखाचा हिशेब मांडावयाचा तर विचारच करावा लागतो. आणि तो आपण केला नाही तर मान, ओळख, पैसा आणि वशिला हे चौघे त्याच्या आसनावर बसण्यास सदैव सिद्ध असतातच.

निरनिराळ्या देशांनी हा विचार निरनिराळा केला. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी सार्वजनिक लसीकरणाची पहिली मात्रा नव्वद वर्षांच्या एका वृद्धेस देण्यात आली. वार्धक्यात मृत्यूचा धोका सर्वांत मोठा, म्हणून वयाच्या उतरत्या क्रमाने जावयाचे, हे त्यांचे सूत्र. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ रोजी आरंभ झाला तो रुग्णालयांतील सेवकवर्गापासून, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली मात्रा मिळाली ती एका सफाई कामगारास. त्यानंतर पोलीस, पालिका कर्मचारी आदी मंडळी; १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्व आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाचे व्याधिग्रस्त; १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्व. इंडोनेशियाने याच्या उलट अठरा ते एकोणसाठ या कमावत्या वयोगटापासून सुरुवात केली. त्यांच्याकडील लसीच्या वृद्धांवरील परिणामाविषयी पुरेशी माहिती तेव्हा हाती नव्हती हे एक कारण. आणि जे घराबाहेर पडतात तेच रोग घरात आणतात, हा दुसरा विचार. मरणाच्या दारी कोण, सेवा कोणाच्या हाती, रोग वाहतो कोण, असे हे तीन निराळे प्रश्न होते. तिघांनीही आपापल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी बरोबर दिले, परंतु त्यांतील कोणता प्रश्न आधी विचारावा हे कोणतेही विज्ञान सांगू शकत नाही.

आपल्या वाङ्मयात हा प्रसंग फार पूर्वीच एका तळ्याच्या काठी येऊन गेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. आपण ती बहुधा प्रश्नोत्तरांतील चातुर्यासाठी आठवतो आणि शेवटाकडे पुरेसे लक्ष देत नाही. चारही भाऊ गतप्राण होऊन पडलेले आहेत. उत्तरांनी प्रसन्न झालेला यक्ष म्हणतो, यांपैकी एकास मी उठवितो, कोणास ते तू सांग. जीव एक आणि देह चार, अशी ही टंचाई होय. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. यक्षास आश्चर्य वाटते. हत्तींचे बळ असलेला भीम सोडून, ज्याच्या धनुष्यावर साऱ्या पांडवांची भिस्त तो अर्जुन सोडून, हा सावत्र भाऊ का? वनवासाची मुदत संपत आलेली, अज्ञातवासाचे वर्ष तोंडावर, त्यापलीकडे युद्ध जवळजवळ अटळ. उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर अर्जुनाचे नाव घेण्यास क्षणाचाही विलंब लागू नये. युधिष्ठिराचे उत्तर इतकेच की कुंती आणि माद्री या दोघी आपणास सारख्या. कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे, तर माद्रीचाही एक राहावा.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. माद्री त्या वेळी हयात नाही. ती पूर्वीच पांडूबरोबर चितेवर गेलेली आहे. कुंती जिवंत आहे, उद्या ती जाब विचारील. माद्रीच्या बाजूने बोलणारे त्या तळ्याकाठी कोणीही नाही. युधिष्ठिराने जो वाटा राखला तो अनुपस्थित असलेल्या, गाऱ्हाणे मांडू न शकणाऱ्या व्यक्तीचा राखला. आनृशंस्य म्हणजे अक्रौर्य, हा शब्द त्या कथेत परमधर्म म्हणून येतो. पुढे यक्षाने चौघांनाही उठविले आणि कथेने आपली त्या निवडीतून सुटका केली; मात्र ज्या अधिकाऱ्यापुढे उद्या सकाळी शंभर मात्रा आणि चारशे माणसे असतात त्याला असा यक्ष भेटत नाही.

तळ्याकाठच्या निवाड्याजवळ जाणारी, परंतु अगदी निराळ्या हेतूने घडलेली एक घटना आपल्या बडोदेकर वाचकांच्या उंबरठ्याशी घडलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तेथील ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९८ साली गायकवाडांच्या राज्यातील, बडोद्याजवळच्या उंढेरा या गावी प्लेग पसरला असता हाफकिन आणि त्याचे सहकारी बॅनरमन तेथे गेले. प्रत्येक कुटुंब समोर उभे करून त्यांनी त्यातील अर्ध्या माणसांस लस टोचली आणि अर्ध्यांना टोचली नाही. पुरुष, स्त्रिया, मुले, धडधाकट आणि अशक्त यांचे प्रमाण दोन्ही बाजूंस होईल तितके सारखे राखले. पुढे ज्या अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला त्यांत लस टोचलेली एकाहत्तर माणसे होती, त्यांपैकी आठ आजारी पडली व तिघे दगावले. न टोचलेली चौसष्ट होती, त्यांपैकी सत्तावीस आजारी पडली व सव्वीस दगावली.

या आकड्यांपुढे मन क्षणभर थबकते. उंढेऱ्यास तुटवडा लसीचा नव्हता. लस खरोखर गुणकारी आहे की नाही या ज्ञानाचा तो तुटवडा होता, आणि तो भरून काढण्यासाठी ही विभागणी झाली. तिने जे ज्ञान दिले त्याचा लाभ पुढे लाखोंनी घेतला. पण एकाच चुलीवरचे जेवणारे, एकाच ओटीवर निजणारे दोघे भाऊ, त्यांपैकी एकाच्या दंडाला सुई लागली आणि दुसऱ्याच्या नाही. आणि ती निवड ज्यांनी केली त्यांना त्या दोघांची नावेही बहुधा ठाऊक नसतील. प्रस्तुत लेखकास या प्रयोगाविषयी दोन भावना एकाच वेळी वाटतात आणि त्यांतील एकही दुसरीपुढे हार मानीत नाही. एक म्हणजे, आज अशी गोष्ट त्या माणसांची संमती घेतल्यावाचून करणे अक्षम्य ठरेल. दुसरी अशी की, त्या विभागणीत कोणत्याही घराचा मान, जात वा संपत्ती मोजली गेली नाही. प्रत्येक घरात कुंतीचाही एक राहिला आणि माद्रीचाही. गावच्या पाटलावर वाटप सोपविले असते तर कोणाची घरे पुरी टोचली गेली असती आणि कोणाची पुरी कोरडी राहिली असती, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता कोणी म्हणेल, युधिष्ठिराने उपयोग मोजला नाही हे ठीक. पण मग डॉक्टरांस आणि परिचारिकांस आधी लस का दिली? त्यांचा उपयोगच पाहिला ना? या आक्षेपात तथ्य आहे, तथापि पुरते नाही. डॉक्टर आधी, तो इतरांहून थोर म्हणून नव्हे. तो रोज रोगाच्या तोंडाशी उभा राहतो आणि तो पडला तर त्याच्या हातून वाचणारेही पडतात, म्हणून तो आधी. हे कारण मान्य केले की त्याच कारणाने खाट पुसणारी बाई आणि प्रेत उचलणारा माणूस डॉक्टरांच्या शेजारी येऊन उभे राहतात. आणि ज्याचे नाव पाटीवर आहे, पण जो वर्षभर रुग्णाजवळ गेलेला नाही, तो मुख्य वैद्य मागे सरतो. कारण प्रामाणिक आहे की नाही याची ही एक कसोटी मानावयास हरकत नाही: ते आपल्याला नको असलेल्या माणसासही पुढे आणते का, आणि हव्या असलेल्यास मागे सारते का? २०२१च्या वसंतात अनेक व्यवसायांनी आपण अत्यावश्यक असल्याचे पुकारले. न्यायाधीश व वकील यांस अग्रक्रम द्यावा अशी मागणी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली. पुढे काही राज्यांनी वृत्तपत्रकारांस आघाडीचे सेवक ठरविले. यांतील कोणाचेही काम कमी महत्त्वाचे नाही. परंतु महत्त्व हे लसीचे माप होऊ लागले की समाजात असा एकही वर्ग उरत नाही जो आपणास बिनमहत्त्वाचा म्हणवून घेईल. उरतो तो केवळ ज्याला अर्ज लिहिता येत नाही तो.

देवी रोगाच्या निर्मूलनाचा इतिहास या ठिकाणी फार बोलका आहे. १९६६च्या अखेरीस पूर्व नायजेरियात देवीची साथ उसळली आणि सर्वांस टोचण्याइतकी लस नव्हती. विल्यम फेगी या डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी सरसकट टोचण्याचा नाद सोडला. रोगी कोठे आहे ते हुडकावयाचे, त्याच्या घराभोवती, त्याच्या सोबत्यांभोवती लसीचे कडे उभारावयाचे आणि इतरांस तूर्त थांबावयास सांगावयाचे, असा मार्ग धरला. आग जेथे लागली तेथेच पाणी. टंचाईतून निघालेला हा उपाय पुढे जगभर वापरला गेला. आपल्या देशातही शेवटच्या वर्षांत घरोघरी रोगी शोधून त्याच्या भोवताली देवी टोचण्याचेच काम चालले आणि १९७५ साली येथील देवी संपल्या. या क्रमात कोण मोठा आणि कोण छोटा हा प्रश्नच उरला नाही. रोग्याच्या भिंतीला ज्याची भिंत लागून, तो पहिला. सर्व जीव सारख्या मोलाचे मानले आणि धोके मात्र सारखे नाहीत हे ओळखले, म्हणजे समता अशीच दिसते.

हे सर्व दूरच्या देशांचे झाले. आपल्या अंगणात येऊन पाहू. समजा, साथ भरात असताना आपल्याच एखाद्या देवस्थानास चाळीस मात्रा मिळाल्या आणि यादी करण्याचे काम समितीकडे आले. देवळात क्रम लावण्याची आपणास पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळाचा मान कोणाचा, प्रसाद आधी कोणत्या घराण्यास, हे सर्व ठरलेले असते आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झालेल्या आहेत. या अग्रमानाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. कोणा पूर्वजाने देवाच्या मूर्तीचे संकटकाळी रक्षण केले, कोणी जमीन दिली, त्याची ती कृतज्ञ स्मृती आहे, आणि स्मृती जपणारा समाज कृतघ्न समाजाहून बराच. मात्र अग्रमान हा भूतकाळाचा हिशेब आहे. लसीचा अग्रक्रम हा उद्याच्या धोक्याचा हिशेब आहे. पहिल्या वहीतील नावे दुसऱ्या वहीत उतरवून घेणे, हा अपराध आपल्या हातून सर्वांत सहज घडेल. कारण तो करताना आपण काही वावगे करीत आहो असे वाटणारसुद्धा नाही.

मग यादी करावयाची कशी? समितीचे अध्यक्ष पंचाहत्तरीचे आहेत. आवार झाडणाऱ्या बाईची सासूही पंचाहत्तरीचीच. वयाच्या दृष्टीने दोघांचा धोका सारखा. परंतु अध्यक्षांना माडीवर स्वतंत्र खोली आहे, दार लावून घेण्याची सोय आहे, आणि त्या म्हातारीच्या एका खणाच्या घरात सहा माणसे निजतात, त्यांपैकी चार रोज कामावर जातात. तेव्हा म्हातारी आधी, अध्यक्ष नंतर. तरुण पुजारी रोज शेकडो तळहातांवर तीर्थ घालतो. अग्रशाळेतील स्वयंपाकी पानोपानी वाढतो. दाराशी फुले विकणाऱ्या बायका येणाऱ्या प्रत्येक भक्ताशी बोलतात. यांच्यामार्फत रोग चोहोकडे जाऊ शकतो, हे खरे. परंतु लस घेतलेल्या माणसाकडून रोग पसरणे कितपत थांबते, हे २०२१च्या आरंभी निश्चित ठाऊक नव्हते. वृद्धांस रोग झाल्यास ते अधिक दगावतात, हे मात्र पक्के ठाऊक होते. अनिश्चित लाभापेक्षा निश्चित धोक्याला आधी सामोरे जावे, या न्यायाने आधी वृद्ध, वृद्धांतही ज्यांना दार लावता येत नाही ते, आणि त्यानंतर ज्यांचे हात शेकडोंना लागतात ते, असा क्रम प्रस्तुत लेखक लावील. दुसऱ्या कोणाचा क्रम याहून निराळा असू शकेल. पण तो सभामंडपाच्या भिंतीवर कारणांसह लिहून लावण्याची त्याची तयारी हवी, आणि ज्याचे नाव एकेचाळीसावे आले त्याने ते कारण उभ्याने वाचून म्हणावे की मी या जागी असतो तर असेच लिहिले असते. रागाने म्हटले तरी चालेल.

पंगतीची गोष्ट निघालीच आहे म्हणून एक वाक्य अधिक. आपल्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांची बसते, आणि भांडे तळाला गेले असेल तर त्याविषयी कोणी बोलत नाही. २०२१च्या पहिल्या सहामाहीत देशभर टोचलेल्या मात्रांत स्त्रियांचा वाटा पुरुषांहून कमी राहिला. कोणत्याही सरकारी आदेशात तसे लिहिलेले नव्हते. माजघरातील क्रम रांगेत येऊन उभा राहिला, इतकेच. गर्भवती स्त्रियांस तर जुलैच्या आरंभापर्यंत लस घेण्याची मुभाच नव्हती, कारण ज्या चाचण्यांवरून मुभा द्यावयाची त्या चाचण्यांतून त्यांना वगळलेले होते. रक्षण करावयाचे म्हणून दूर ठेवले, आणि दूर ठेवले म्हणून रक्षण राहून गेले.

काही जण म्हणतील, ही सारी तोलामोल माणसाने करूच नये, देवावर सोपवावी. गोमंतकात आणि कोकणात याची रीत आहे. मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद घेतात; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चिठ्ठ्या टाकणे हे त्याचेच लौकिक रूप. या रीतीत एक मोठा गुण आहे: पाकळीला घराणे कळत नाही आणि तिला लाच देता येत नाही. ब्रिटनमध्ये युद्धानंतर क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन फारच थोडे उपलब्ध होते. तेव्हा तेथील वैद्यक संशोधन मंडळाने एकशेसात रुग्णांची विभागणी निव्वळ दैवयोगाने केली, पंचावन्नांस औषध व विश्रांती, बावन्नांस केवळ विश्रांती, आणि १९४८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्वांना पुरण्याइतके औषध नव्हतेच, म्हणून कोणावर जाणूनबुजून अन्याय झाला असे म्हणता येत नव्हते. जेथे दोघांचे धोके खरोखर सारखे आहेत तेथे चिठ्ठीसारखा निःपक्षपाती न्यायाधीश नाही. परंतु जेथे धोके सारखे नाहीत आणि ते आपणास ठाऊक आहेत, तेथे पाकळी लावणे म्हणजे आपले काम देवावर ढकलणे होय. ऐंशी वर्षांची दमेकरी आजी आणि पंचविशीचा तिचा नातू यांच्यात कौल मागण्याजोगे काय आहे?

मे २०२१ मध्ये आपल्याकडे एक विलक्षण कौल लागला. १ तारखेपासून अठरा वर्षांपुढील सर्वांस लस खुली झाली आणि लस मात्र तेवढी नव्हती. अठरा ते चव्वेचाळीस या वयाच्या लोकांना संगणकावर वा फोनवर आगाऊ नोंदणी करणे अनिवार्य होते. परिणाम असा की ज्याचे बोट वेगवान, ज्याच्याकडे चांगला फोन आणि चांगली तार, तो पहिला. शहरातील तरुण मोटार घेऊन दूरच्या खेड्यातील केंद्रावर जाऊन लस टोचून येई आणि त्या खेड्यातील लोक दारात उभे राहून पाहत. एकूण मात्रांपैकी चतुर्थांश खाजगी रुग्णालयांसाठी होत्या. जूनमध्ये तेथील दरांवर मर्यादा आली तेव्हा पुण्याच्या कोव्हिशिल्डसाठी ती ७८० रुपये आणि हैदराबादच्या कोव्हॅक्सिनसाठी १४१० रुपये अशी ठरली. मेच्या मध्यास महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी या वयोगटाचे सरकारी लसीकरण थांबवून मात्रा पंचेचाळिशीपुढील लोकांच्या दुसऱ्या टोचणीकडे वळविल्या, ते योग्यच झाले. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर आणि फोन नसलेल्यांच्या अडचणीवर कठोर शब्दांत बोट ठेवले, आणि २१ जूनपासून ते धोरण बदलले. त्या सात आठवड्यांत देशात जो अग्रक्रम प्रत्यक्षात चालला तो कोणत्याही तज्ज्ञाने सुचविलेला नव्हता, कोणत्याही मंत्र्याने त्याचे समर्थन केले नसते. तो कोणी लिहिला नाही म्हणून त्याचा जाबही कोणास विचारता आला नाही.

टंचाईतून वाट काढण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो देवळातील माणसास शिकवावा लागत नाही. जत्रेला अपेक्षेहून अधिक लोक आले तर तीर्थाची पळी अर्धी होते. शेवटच्या हातापर्यंत थेंब पोहोचला पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासा नगरात पीतज्वराची लस अपुरी पडली तेव्हा पूर्ण मात्रेचा पाचवा हिस्सा टोचून पाऊण कोटीच्या आसपास लोकांस संरक्षण देण्यात आले. त्याच वर्षी पोलिओच्या टोचावयाच्या लसीचा तुटवडा असता आपल्या देशातील काही राज्यांनी पाचवा हिस्सा त्वचेत टोचण्याची पद्धत स्वीकारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पटकीच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीचा जागतिक साठा पुरेना, तेव्हा साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा द्यावी असे ठरले. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आपल्याकडे मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवड्यांवर नेले, त्यामुळेही पहिली मात्रा अधिकांपर्यंत गेली. मात्र तीर्थात आणि लसीत एक फरक आहे. थेंबभर तीर्थाने पुण्य कमी होत नाही. लस कमी केल्यास तिचा गुण टिकतो की नाही हे प्रयोगाने पाहावे लागते, आणि पीतज्वराच्या बाबतीत ते आधी पाहिले गेले होते. पाहिल्यावाचून पळी अर्धी करणे म्हणजे सर्वांस सारखेच फसविणे.

उरला त्यागाचा विचार. भागवतातील रंतिदेवाची कथा कीर्तनांतून आपण ऐकलेली असते. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर मिळालेले अन्न त्याने एकामागून एक आलेल्या अतिथींस दिले आणि शेवटचे पाणीही तहानेल्या अंत्यजास देऊन टाकले. २०२१ मध्ये अनेक घरांतील वडीलधारी म्हणत होती, आमचे आयुष्य झाले, पोरांना द्या. या उद्गारातील माया खरी होती. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. रंतिदेवाबरोबर त्याचे कुटुंबही तहानेने कासावीस झालेले होते. स्वतःचा घोट देण्याचा अधिकार त्याला होता, त्यांचाही घोट देण्याचा होता का, हे कीर्तनकार सहसा विचारीत नाहीत. दुसरी अशी की, आजीने सोडलेली मात्रा तिच्या नातवाकडे जात नाही. ती रांगेत तिच्या मागे असलेल्याकडे जाते, आणि आजी पुढे आजारी पडली तर रुग्णालयातील एक खाट ती अडवून बसते. सार्वजनिक रांगेतील आपली जागा ही आपली मालमत्ता नसते.

आणि तरीही नियम कितीही विचारपूर्वक लिहिला असला तरी एक वेळ अशी येते की तो बाजूस ठेवावा लागतो. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी एकदा उघडली की त्या चार तासांत संपवाव्या लागत. उरतील त्या फेकावयाच्या. सायंकाळची पाच वाजण्याची वेळ, यादीतील तिघे आलेले नाहीत, कुपी उघडून साडेतीन तास होऊन गेले आहेत. परिचारिका दाराकडे पाहते. बाहेर रुग्णवाहिकेचा चालक विडी ओढीत बसला आहे, पहारेकरी खुर्च्या आवरतो आहे, आणि चहाचे पेले गोळा करणारा विशीतला मुलगा दाराच्या चौकटीशी उभा आहे. यांतील एकाचेही नाव आजच्या यादीत नाही, बहुधा उद्याच्याही नसेल. अशा वेळी तिने वरिष्ठांस विचारावयास फोन लावीत बसू नये. तिघांनाही आत बोलवावे, बाही वर करावयास सांगावी, आणि वहीत त्यांची नावे लिहून घ्यावीत.